"मनुष्यबळ नाही" या उत्तरापुढे काय? वस्तीची सुरक्षा, पोलिसांचे तोकडे बजेट आणि कायदा

तालुक्याच्या ठाण्यात वस्तीचे निवेदन घेऊन गेलात की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: "मनुष्यबळ नाही." त्याला जोडून कधी "गाडी एकच आहे", कधी "सगळा स्टाफ बंदोबस्ताला गेलाय". आम्ही काम करतो त्या भागातल्या एका गावात जयंतीच्या कमानीवरून वाद झाला. मारामारी झाली नाही. पण त्या रात्रीपासून वस्तीच्या तोंडाशी मोटारसायकली थांबू लागल्या, पोरं शिव्या देऊन जाऊ लागली, आणि सातच्या एसटीने कॉलेजहून परतणाऱ्या मुलींना आणायला रोज कोणीतरी फाट्यावर उभे राहू लागले. आम्ही मागितले ते एवढेच, की पंधरा दिवस संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान गस्तीची गाडी वस्तीवरून जावी. ठाणे अंमलदारांनी बसवले, चहा दिला, निवेदनाच्या पोचप्रतीवर शिक्का मारला आणि तेच वाक्य सांगितले. ते खोटे बोलत नव्हते. त्या दिवशी ठाण्यात खरोखर चारच माणसे होती.

कार्यकर्ते या वाक्यापाशी अडतात. काही जण संतापून घोषणा देऊन परत येतात, काही जण "बिचाऱ्यांचंही खरं आहे" म्हणून गप्प बसतात. दोन्हीत वस्तीच्या हाती काही लागत नाही. हे उत्तर खरे असते तेव्हाही ते पुरेसे का नाही आणि त्यापुढे कोणती दारे उघडी आहेत, याची माहिती एका ठिकाणी असावी म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

तुटवडा खरा आहे

पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यसूचीतले विषय आहेत. म्हणजे खर्चाचा मुख्य भार राज्य सरकारच्या तिजोरीवर. या खर्चाचा फार मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. उरलेल्यात डिझेल, दुरुस्ती, कागद, प्रशिक्षण, प्रयोगशाळा सगळे भागवायचे. देशपातळीवर दर लाख लोकसंख्येमागे पोलिसांची मंजूर पदे दोनशेच्या आसपास आणि प्रत्यक्ष हजर माणसे दीडशेच्या आसपास, असे चित्र गेली काही वर्षे आहे. बेरोजगारी मात्र इतकी, की महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. पहाटे मैदानावर गोळाफेक आणि सोळाशे मीटरचा सराव करणारी आपल्या वस्तीतली मुले-मुली आपण पाहतोच. माणसे नाहीत असे नाही, पदे भरायला पैसे आणि निर्णय नाहीत.

जे भरती होतात त्यांचे हालही कमी नाहीत. बारा-बारा तासांची ड्युटी ही वर्षानुवर्षे रीतच होती. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो एका शिपायाने मांडलेल्या कल्पनेतून. खाकीतली कितीतरी माणसे आपल्याच घरांतली आहेत, हे त्यांच्याशी बोलताना विसरू नये असे आम्हाला वाटते.

पण तुटवडा सर्वांना सारखा जाणवत नाही. मंत्र्यांचा दौरा असतो तेव्हा त्याच ठाण्यातून माणसे निघतात. निवडणूक, गणपती, दहीहंडी, क्रिकेटचा सामना या सगळ्यांना बंदोबस्त मिळतो. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीलाही मिळतो, तो मिरवणुकीपुरता. दुसऱ्या दिवशी रात्री, जेव्हा खरी भीती सुरू होते, तेव्हा वस्ती त्या यादीत नसते. म्हणून "पोलीस किती आहेत" यावर वाद घालण्यापेक्षा "आहेत ते कुठे पाठवायचे, हे कोण आणि कशावरून ठरवते" असे विचारणे आम्हाला जास्त उपयोगी वाटते.

स्वस्त राखण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केली आहे

सरकारकडे पैसे कमी असले की "लोकसहभाग" हा शब्द वर येतो. शब्द चांगला आहे, पण आपल्या समाजाने त्याच्याकडे जरा जपून पाहावे, कारण महाराष्ट्राच्या गावांत सर्वांत स्वस्त पोलीस व्यवस्था आपल्या पूर्वजांच्या अंगावर उभी होती. वेस राखणारा वेसकर महार. रात्रीची गस्त, चोराचा माग, सरकारी टपाल, अंमलदाराचे ओझे, मेल्याची वर्दी पोचवणे, ही सगळी कामे वतन म्हणून त्याच्या गळ्यात. बदल्यात जमिनीचा तुकडा, बलुते आणि मागून आणलेली भाकर. गावाचे रक्षण करणाऱ्याला गावात घर नव्हते, आणि त्याच्यावरच हल्ला झाला तर त्याच्या रक्षणाला कोणी नव्हते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. काम ठरलेले असावे, त्याचा मोबदला ठरलेला आणि रोखीने मिळावा, आणि ज्याला ते ओझे नको त्याला त्यातून सुटता यावे, अशी त्यामागची भूमिका होती. तेव्हा ते मंजूर होऊ शकले नाही. कनिष्ठ गाववतने शेवटी १९५८ च्या कायद्याने संपली. हा इतिहास आम्ही इथे आठवतो तो एवढ्यासाठी, की उद्या कोणी वस्तीतल्या पोरांच्या हाती काठी आणि शिट्टी देऊन "तुम्हीच गस्त घाला" म्हणाले, तर मोबदला काय, अधिकार काय आणि काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. वेसकराला ते विचारण्याची सोय नव्हती.

न दिलेल्या संरक्षणाची किंमत

दोन नावे पुरेशी आहेत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचा बळी गेला. तिथे पोलीस कमी नव्हते. नुसती संख्या वाढली म्हणजे वस्ती सुरक्षित होते असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरे नाव खैरलांजी. भंडारा जिल्ह्यातल्या या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती आणि सुरेखा व प्रियंका यांनी मारणाऱ्यांची ओळख पटवली होती. संशयित जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. साक्ष देणारे कुटुंब कोण, त्यांना धोका कोणाकडून, आरोपी कधी सुटणार, या तिन्ही गोष्टी यंत्रणेला ठाऊक होत्या. दारात दोन शिपाई आणि आधी एक निरोप, एवढ्याचा खर्च किती आला असता? आम्ही प्रशिक्षणांत हा प्रश्न विचारतो तेव्हा खोलीत शांतता पसरते.

यातून कायद्यात एक ठोस सुधारणा आली, असे म्हणता येईल. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ घातले गेले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आरोपीच्या जामिनासह कोणत्याही सुनावणीची वेळेत आणि नेमकी सूचना मिळण्याचा पीडिताचा हक्क त्यात लिहिला आहे. पीडित, त्याचे अवलंबित आणि साक्षीदार यांना संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून त्यात आहे. प्रत्येक प्रकरणात अर्ज करून ही सूचना लेखी मागावी. आमचा अनुभव असा, की मागितल्याशिवाय ती क्वचितच येते.

कायद्यात बजेटबद्दल काय आहे

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. बौद्धांना हा कायदा लागू आहे, कारण १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्ध धर्मीयांचा समावेश झाला. आपले बहुतेक कार्यकर्ते हा कायदा गुन्हा घडल्यानंतरचा म्हणून ओळखतात. त्याचा निम्मा भाग गुन्हा घडू नये म्हणून आहे, आणि तो वाचलाच जात नाही.

कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी एखादा भाग अत्याचारप्रवण म्हणून जाहीर करून प्रतिबंधक पावले उचलू शकतो. कलम २१ मध्ये असे भाग शोधून तिथल्या लोकांच्या सुरक्षेची व्यवस्था करणे ही सरकारची जबाबदारी सांगितली आहे. नियम ३ प्रमाणे अशा भागाला जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी भेट देऊन परिस्थितीचा आढावा घ्यायचा, गरज पडल्यास इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे. नियम ८ प्रमाणे राज्य मुख्यालयातल्या संरक्षण कक्षाने त्या भागाचे सर्वेक्षण करायचे आणि विशेष पोलीस दल किंवा विशेष पोलीस चौकीची शिफारस सरकारकडे करायची. महाराष्ट्रात हे काम नागरी हक्क संरक्षण विभागाकडे आहे. यातल्या एकाही ठिकाणी "मनुष्यबळ उपलब्ध असल्यास" असे शब्द नाहीत.

आता पैशाचे. नियम १४ सांगतो, की पीडितांच्या साहाय्य आणि पुनर्वसनासाठी राज्याने वार्षिक अर्थसंकल्पात तरतूद करायची. नियम ११ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना तपासासाठी व कोर्टासाठी प्रवासभत्ता, दैनिक भत्ता द्यायचा. मजुरी बुडवून पाच-सहा वेळा जिल्ह्याला खेपा घालणाऱ्या माणसाला हे पैसे मिळतात हेच माहीत नसते. ते मागितले की साक्ष फिरवण्याचे प्रमाण कमी होते, असे आम्ही आमच्या छोट्या कामात पाहिले आहे. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राचाही वाटा असतो, त्यामुळे "राज्याकडे निधी नाही" हे उत्तर अर्धेच आहे.

आणि एक तरतूद अशी, की जिचा उल्लेख केला की बैठकीत सगळे दचकतात. कलम १६ प्रमाणे, नागरी हक्क संरक्षण कायद्यातले कलम १०अ वापरून, अत्याचाराला साथ देणाऱ्या किंवा आरोपींना आसरा देणाऱ्या भागातल्या रहिवाशांवर सरकार सामुदायिक दंड बसवू शकते. तिची अंमलबजावणी झाल्याचे आमच्या भागात कोणाला आठवत नाही. ती सरसकट वापरावी असे आमचे म्हणणे नाही, कारण गावातला शांत राहिलेला गरीब माणूसही त्यात भरडला जाऊ शकतो. पण अत्याचाराचा खर्च कोणी सोसायचा, याचा विचार कायद्याने केला आहे एवढे तरी माहीत असावे.

ठाण्यात दोन गैरसमज वारंवार भेटतात, तेही इथेच सांगतो. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकांपेक्षा कमी दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, हे नियम ७ मध्ये आहे. यावरून "साहेब आल्यावर गुन्हा नोंदवू" असे सांगितले जाते. तपास साहेबांनी करायचा, नोंद ठाण्यानेच करायची. नोंदीआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८अ मध्ये स्पष्ट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२० रोजी ते कायम ठेवले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत काही गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सोय आहे, तिचा दाखला इथे चालत नाही. दुसरा गैरसमज जातीच्या दाखल्याचा. "दाखल्यावर बौद्ध लिहिलंय, महार दाखवा" म्हणून माणसाला परत पाठवतात. दाखला पुढे लागतो, नोंदीची ती अट नाही.

ठाणे नोंद घेत नसेल तर संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार, आणि तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायालय. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने नोंद मागावी, ती आता संहितेतच आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. हे कलम हवालदाराला घाबरवायला वापरू नये, त्याने नाते तुटते आणि काम होत नाही. ते अर्जात शेवटच्या ओळीत असावे, तोंडात नसावे.

भिवंडीत काय झाले

कमी पैशात सुरक्षा शक्य आहे का, याचे आपल्याच राज्यातले उदाहरण भिवंडीचे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागाचे शहर बदनाम झाले होते. १९८८ मध्ये तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. सुमारे सत्तर. प्रत्येक समितीत त्या गल्लीतली दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस. पुढाऱ्यांच्या शांतता समित्या आधीही होत्या, त्या सणापुरत्या जमत आणि चहा पिऊन उठत. इथे नळ, गटार, भांडणे, अफवा सगळे बोलले जाई आणि पोलीस ते ऐकून घेई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

यासाठी नवी चौकी, नवी गाडी लागली नाही. बीटवरच्या माणसाचा वेळ लागला आणि तो वेळ द्यायला सांगणारा अधिकारी लागला. मर्यादाही इथेच आहे. अधिकारी बदलला की असे प्रयोग विरतात. शिवाय भिवंडीत दोन समाज संख्येने तोलामोलाचे होते. आपल्या गावांत वस्ती पंचवीस घरांची आणि गाव चारशे घरांचे असते. तिथे नुसती "सर्वांची समिती" केली तर ती गावकीचीच होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत काही ठिकाणी हेच घडलेले आम्ही पाहिले, बक्षिसासाठी "मिटवून टाका" असा दबाव आपल्याच माणसावर आला. ॲट्रॉसिटीचा गुन्हा हा मिटवण्याचा तंटा नाही.

जागा कुठे रिकाम्या आहेत

कायद्याने दिलेली आणि गावकीच्या हाताबाहेरची समिती म्हणजे दक्षता व नियंत्रण समिती. नियम १७ प्रमाणे जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, नियम १७अ प्रमाणे उपविभागाला उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. दोन्हींची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. पोलीस अधिकारी तिथे सदस्य असतात, अनुसूचित जाती-जमातींचे अशासकीय सदस्यही असतात. राज्य समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी आणि जुलैत बसायची आहे. आपल्या जिल्ह्यात गेल्या दोन वर्षांत किती बैठका झाल्या, याचा अर्ज माहितीच्या अधिकारात टाकायला दहा रुपये लागतात. इतिवृत्ते मागवा. आम्ही मागवली तेव्हा अशासकीय सदस्यांपैकी एकाला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते.

पोलीस पाटील हे दुसरे ठिकाण. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद आले, ते वंशपरंपरेचे नाही, त्याला परीक्षा आणि आरक्षण आहे. मार्च २०२४ मध्ये मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी या जागांसाठी अर्ज करावेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. होमगार्डचा दैनिक भत्ताही त्याच वर्षी ५७० वरून १,०८३ रुपये झाला. काम मिळेल त्या दिवसाचेच पैसे, त्यामुळे त्यावर संसार चालत नाही, पण ठाण्याची ओळख होते. ग्राम सुरक्षा दलात नाव घालायचे तर ते ठाण्याच्या यादीवर, ओळखपत्रासह. यादीबाहेर काठ्या घेऊन फिरणाऱ्या पोरांवरच पहिला गुन्हा दाखल होतो, हे अनेक आयांनी रडून शिकले आहे.

शिस्तीचे आपले स्वतःचे उदाहरण समता सैनिक दलाचे आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी असते, रांगा दलाचे सैनिकही लावतात. ते कोणाचे वेसकर म्हणून तिथे उभे नसतात.

त्या गावात पुढे काय झाले

पहिल्या निवेदनाचा उपयोग झाला नाही, म्हणून आम्ही वस्तीत एक दोनशे पानी वही ठेवली. तारीख, वेळ, काय घडले, कोणी पाहिले, गाडीचा क्रमांक. लिहिण्याचे काम बारावीतल्या एका मुलीकडे. सुरुवातीला लोक म्हणाले, याने काय होते. तीन आठवड्यांत नोंदींचा आकार दिसू लागला: त्रास रोजचा नव्हता, बाजाराच्या दिवशी आणि शनिवारी होता, आणि तोही साडेसात ते नऊ. ती वही घेऊन आम्ही उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना भेटलो. रोजची गस्त मागितली नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी मागितल्या. ते मान्य झाले. चार माणसांच्या ठाण्याला एवढे जमते. सोबत कलम १७ आणि नियम ३ चा हवाला देऊन एक अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे दिला, त्याची प्रत जिल्हा समितीचे सदस्य सचिव असलेल्या समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना.

फाट्यापासून वस्तीपर्यंतचा रस्ता अंधारा होता. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, आणि जिल्हा परिषदेच्या वस्ती विकास योजनेतही दिव्यांची कामे बसतात. ग्रामसभेत महिलांनी विषय मांडला. दोन वेळा कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, तिसऱ्यांदा ठराव झाला. सहा खांब मंजूर झाले, चार लागले.

गस्तीची गाडी अजूनही एखादा शनिवार चुकवते. चुकली की वहीत तशी नोंद होते, महिन्याच्या शेवटी त्या पानांची झेरॉक्स ठाण्यात दिली जाते आणि पोच घेतली जाते. उपविभागीय समितीची पुढची बैठक लागली आहे. उरलेले दोन खांब आणि पावसाळ्यात बंद पडणारी सातची एसटी, हे दोन विषय आम्ही तिच्या विषयपत्रिकेसाठी पाठवले आहेत.